धार वाचताना

नाकिरी म्हणजे जपानी घरांतली भाजी चिरायची सुरी. मासळी आणि मटण तिच्या वाट्याला येत नाही. पातं साधारण साडेसहा इंच लांब, दोन इंच उंच, पुढचं टोक चौकोनी आणि धार पट्टीनं आखल्यासारखी सरळ. राजगुरुनगरात, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेनं उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये, माझ्या ओळखीच्या काही घरांत ती आता ओट्यावर दिसते. घेणारे हॉटेलवाले नव्हेत. चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, सुट्टीच्या दिवशी हौसेनं मिसळ किंवा भरली वांगी करणारी ही माणसं. एका सुरीला आठ-दहा हजार रुपये मोजतात, वर धारेच्या दगडाचे वेगळे. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ते साहजिकच आहे: सुरी ती सुरी, तिच्यात एवढं बघायचं काय?

बघायचं बरंच आहे, आणि ते दिसायला लागलं की हा नाद कशामुळे लागतो तेही कळतं. म्हणून अशा एकाच नाकिरीचं पातं इथे सावकाश वाचायचं आहे.

ही नाकिरी एचिझेनची. जपानच्या फुकुई प्रांतातला हा लोहारांचा जुना मुलूख. इथल्या घडीव पात्यांना 1979 साली जपान सरकारनं पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. पातं आडवं धरून खिडकीकडे थोडं कलतं केलं की त्यावर तीन पट्टे दिसतात. वरचा काळा आणि खडबडीत. मधला राखाडी, धुरकट. अगदी खाली, धारेलगतचा, जेमतेम मिलिमीटरभर रुंद आणि लखलखीत. पहिल्या नजरेला हे पट्टे नक्षीसारखे वाटतात. पण नक्षी म्हणून त्यांतला एकही काढलेला नाही. प्रत्येक पट्टा म्हणजे घडणीचा एकेक टप्पा आहे आणि तो झाकायचा नाही, असं करणाऱ्यानं ठरवलेलं आहे.

काळा पट्टा भट्टीचा. तापलेल्या लोखंडावर जी खपली धरते ती वरच्या भागावर तशीच ठेवलेली असते. बोट फिरवलं की घणाचे उथळ खळगे लागतात. ही खपली गंज थोडा थोपवते आणि चिरलेला बटाटा पात्याला कमी चिकटतो. म्हणजे न घासण्यात आळस नाही, हिशेब आहे. मधला राखाडी पट्टा सहाणेचा. इथे पातं दोन्ही बाजूंनी उतरतं केलेलं असतं. याच पट्ट्याच्या खालच्या कडेला एक बारीक नागमोडी रेघ दिसते आणि माझ्या मते सगळ्या सुरीचं मर्म त्या रेघेत आहे. या पात्यात तीन थर असतात. मधोमध कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड, भट्टीत तापवून घणाखाली एकजीव केलेलं. ती रेघ म्हणजे मऊ लोखंड संपून पोलाद उघडं पडतं ती सीमा. हातानं ठोकलेल्या पात्यात ती सरळ येत नाही. घणाचा जोर कुठे कमी पडला, कुठे जास्त, त्याप्रमाणे ती वर-खाली होते.

मधल्या पोलादाला जपानीत शिरोगामी म्हणतात. एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन, बाकी लोखंड, आणि गंधक-फॉस्फरससारखा मळ जवळजवळ नाहीच. क्रोमियम नसल्यामुळे ते गंजतं, डाग धरतं, लिंबाच्या रसानं काळंनिळं पडतं. पण त्याचा कण इतका बारीक असतो की त्यावर येणारी धार स्टेनलेसच्या साध्या सुरीवर येत नाही. आठशे अंशांच्या आसपास तापवून त्याला पाणी पाजतात आणि मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर पुन्हा शेकून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. एवढं कडक पोलाद एकटं असतं तर जरा आपटताच मोडलं असतं आणि दगडावर घासताना घाम काढला असता. दोन्ही बाजूंचं मऊ लोखंड धक्का सोसतं आणि दगडाखाली लवकर झिजतं. कडक आणि मऊ यांची कामं वाटून दिलेली आहेत, आणि ती वाटणी त्या रेघेवर उघड्या डोळ्यांनी दिसते.

पातं वरून पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुठीजवळ पाठीची जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर, आणि टोकाकडे जाता जाता ती निम्म्यावर येते. त्यामुळे वजन मुठीच्या पुढे, जिथे बोटांची चिमूट पडते तिथे तोललं जातं. मूठ मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाची, आठ कंगोऱ्यांची, पुढे म्हशीच्या शिंगाचं कडं. ओल्या हातातही ती फिरत नाही. मुठीबद्दल एवढंच, तिथे कौतुकानं थांबणारे पुष्कळ भेटतात, पण खरी गोष्ट पात्यात आहे.

राहिला तिसरा पट्टा, धारेचा. पहिले दोन करणाऱ्यानं पुरे करून दिलेले असतात. तिसरा मात्र तो नुसता सुरू करून देतो. सुरी पाठवताना धार असतेच, पण महिन्या-दोन महिन्यांत ती उतरते, आणि पुढची प्रत्येक धार ज्याच्या घरी सुरी आहे त्याला लावायची असते. काही वर्षांनी तिथे कारागिराचा हात उरतच नाही. पात्याचा कोन, चकाकी, टोकाकडची किंचित गोलाई, सगळं मालकाच्या हाताचं होतं. मिक्सर, कुकर, ओव्हन यांच्यापैकी एकही वस्तू तुम्हाला आपल्या घडणीत असं सामील करून घेत नाही. घरी स्वयंपाक करणारा माणूस या सुऱ्यांच्या नादी लागतो तो याच पट्ट्यापाशी, असं मी मानतो. किंमत, परदेशी नाव, दिखाऊपणा ही कारणंही असतील. पण ती वर्षभर टिकत नाहीत. टिकतो तो हा पट्टा.

आता ही धार करते काय, तेही बघायला हवं. चाकणच्या बाजारात कांदा पोत्यांनी उतरतो, आणि आमच्याकडे कांदा चिरताना रडायचं हे जन्मापासून ठरलेलं. कांद्याची पेशी फुटली की आतलं एक विकर गंधकाच्या संयुगाला भेटतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. पाणी येणारच, असं आपण धरून चालतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी या साध्या गोष्टीचं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं आणि 2025 साली ते प्रसिद्ध केलं. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी दबतो, वाकतो, आत दाब साठतो आणि मग तो फुटताना रसाचे बारीक थेंब जोरानं वर उडतात. धारदार पातं पापुद्र्याला दबायला सवडच देत नाही, म्हणून थेंब कमी आणि त्यांचा वेगही कमी. घाईघाईनं चिरलं तरी थेंब वाढतात. धार आणि सावकाशपणा, डोळ्यांवर दोघांचाही उपकार.

पण मला कांद्यापेक्षा काकडीचं उदाहरण जवळचं वाटतं. खमंग काकडीसाठी काकडी किसायची नसते, चोचवायची असते. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून तिच्या तोंडावर सुरीनं उभ्याआडव्या दाट खुणा पाडायच्या, मग वरून पातळ काप उतरवायचा, की तांदळाएवढे तुकडे ताटात पडतात. पुन्हा खुणा, पुन्हा काप. बोथट सुरीनं हे करताना काकडी चेंगरते, कोशिंबिरीत पाणी सुटतं आणि दाण्याचं कूट लगद्यासारखं बसतं. चांगल्या धारेनं चोचवलेली काकडी अर्ध्या तासानंही दाताखाली करकरते. तीच गत कोथिंबिरीची. पाट काळपट-ओला झाला की समजावं, पात्यानं पानं कापली नाहीत, चिरडली. उकडलेल्या अळूवडीच्या उंड्याचं तर विचारूच नका. त्याची चकती सुटी, गुंडाळीचं प्रत्येक वेटोळं दिसेल अशी पडायला हवी, आणि ते बेसनाच्या प्रमाणावर जितकं अवलंबून आहे तितकंच पात्यावर. धार ही चवीतली गोष्ट आहे. ती मीठ-तिखटासारखी कृतीत लिहून येत नाही, म्हणून आपण तिला धरत नाही.

मग आपल्याकडे धारेचं प्रेम नव्हतं का? होतं, आणि चांगलं मुरलेलं होतं. विळीकडे पुन्हा एकदा नीट पाहावं. जगातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भाजी स्थिर असते आणि सुरी हलते. विळीत पातं स्थिर, भाजी हलते. पाटावर पाय, दोन्ही हात मोकळे, धार आपल्याकडे. पात्याला जो बाक असतो तो शोभेचा नाही. भाजी पुढे ढकलली की बाकामुळे ती धारेवरून आपोआप घसरते, म्हणजे नुसती दाबून तुटत नाही, ओढून कापली जाते. ओढून कापायला जोर कमी लागतो. फणसासारखं आडदांड फळ विळीला तेल लावून बसलेली सत्तरीतली बाई सहज फोडते, ते या बाकाच्या बळावर. आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या हातात त्यांच्या लेकानं नाकिरी दिली. त्यांनी मेथीची जुडी आडवी ठेवून दोन-तीनदा पातं खाली नेलं आणि म्हणाल्या, "अरे, हिला दाबावं लागतच नाही. माझ्या आईची विळी अशी होती." हे ऐकल्यावर लेकाला किमतीबद्दल काही बोलावं लागलं नाही. काकूंना धार काय असते ते ठाऊकच होतं. मधली कित्येक वर्षं, विळी माळ्यावर आणि ओट्यावर प्लॅस्टिकच्या मुठीची पत्र्याची सुरी, यांत ती हरवली होती.

आणि अडकित्ता! पुण्याला बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची कपाटं बघावीत. 'अज्ञातवासी' या नावानं कविताही लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी हे अडकित्ते गावोगाव हिंडून जमवले. पोपटाचे, मोराचे, घोड्याचे, माणसांच्या जोडीचे. सुपारी कातरण्याएवढ्या कामासाठी एवढी कला ओतणारा समाज कापायच्या हत्याराला क्षुल्लक समजत नव्हता. फरक आहे तो असा की अडकित्त्यात कौतुक मुठीकडे गेलं आणि नाकिरीत ते धारेकडे आलं. मला वैयक्तिक विचाराल तर दुसरा मार्ग जास्त भावतो.

सुऱ्यांचा हा नाद आमच्या या भागात का रुजावा, याचं कारण मात्र स्वयंपाकघराबाहेर आहे. चाकणपासून भोसरी-पिंपरीपर्यंत माणसं लोखंडावर जगतात. मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज यांचे मोठे कारखाने आणि त्यांच्याभोवती सुटे भाग, साचे, गेज, डाय करणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स. इथल्या टूलरूममधल्या माणसाला एच.आर.सी. म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही. हिऱ्याचं शंकूसारखं टोक दीडशे किलोच्या भारानं पोलादात रुतवायचं आणि ते किती खोल गेलं त्यावरून कडकपणा मोजायचा, हे त्याचं रोजचं काम. जर्मन सुऱ्या साधारण 56 ते 58 वर असतात, ही नाकिरी 61 ते 63 वर, असं कोणी सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. 56 चं पातं आपटलं तर दुमडेल, 62 च्या पात्याचा टवका उडेल. जर्मन सुरी हाड, भोपळा, घरातल्या सगळ्यांचे हात सहन करते. जपानी सुरी धार जास्त टिकवते आणि निष्काळजीपणा सहन करत नाही. जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये 1731 साली सुऱ्या करणाऱ्या पेटर हेंकेल्सनं आपली जुळ्यांची खूण नोंदवली तेव्हापासूनचा एक स्वभाव, आणि 1876 साली तलवार बाळगण्यावर बंदी आल्यावर जपानी लोहार सुऱ्यांच्या ज्या कामाकडे आणखी वळले त्याचा दुसरा. दोन्ही स्वभावांच्या देशांत आमच्याकडची मंडळी कंपनीच्या कामानं जाऊन येतात, आणि येताना बॅगेत चॉकलेटांखाली एक सुरी गुंडाळून आणतात.

एवढ्यानं नाद लागत नसतो. माझ्या ओळखीतला एक जण टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर आहे. त्याचा दिवस पाच-दहा मायक्रॉनच्या फरकावरून चाललेल्या वादात जातो. त्यानं घासलेला भाग साच्यात बसतो, साचा प्रेसवर चढतो, प्रेसमधून निघालेला पत्रा कुठल्या तरी गाडीच्या दाराआड जातो. ती गाडी रस्त्यावर दिसली तरी "हे माझं" असं बोट ठेवायला त्यात जागा नसते. नाकिरी ही त्याला हातात आख्खी मिळालेली पोलादाची वस्तू आहे. भट्टीपासून काकडीपर्यंतचा तिचा सगळा प्रवास त्याला दिसतो, आणि शेवटचा टप्पा तर त्याच्याच हातात असतो. केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन. नीट लावलेल्या धारेच्या कडेची गोलाई एका मायक्रॉनच्याही आत जाते. कंपनीत ज्या बारकाव्यासाठी लाखांची यंत्रं लागतात, तो घरी पाण्यात भिजवलेल्या दगडावर दोन हातांनी गाठता येतो. खंडेनवमीला कंपनीत मशीनला हळदकुंकू वाहून आला की घरी तो पाटावर विळीशेजारी नाकिरीही मांडतो.

धार लावण्याचा हा विधी जवळून बघण्यासारखा आहे. हजार नंबरचा दगड पाण्यात बुडवला की त्यातून बुडबुडे निघतात. ते थांबेपर्यंत थांबायचं. दगड ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. पात्याची पाठ दगडापासून करंगळीच्या पेराच्या निम्म्याएवढी उचलायची, म्हणजे बारा-पंधरा अंशांचा कोन होतो. आणि मग तो कोन न हलू देता पातं पुढे-मागे. दगडावर करडा चिखल जमतो. नवशिके तो धुवून टाकतात, पण काम करतो तो चिखलच. काही वेळानं पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाचं टोक आडवं फिरवलं की तिथे काहीतरी अडतं. घासून घासून कडेवर आलेला तो तारेसारखा बारीक काठ. वर्कशॉपमध्ये त्याला बर म्हणतात आणि तो काढण्याच्या कामाला डीबरिंग. तो काठ मुठीपासून टोकापर्यंत सलग लागला तरच धारेची ती बाजू झाली. मग उलटी बाजू, मग हळूहळू हात हलका करत दोन्ही बाजू, मग सहा हजारचा दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार फेऱ्या. या अर्ध्या तासात आवाजही बदलतो. सुरुवातीचा खरखरीत, मधला घोगरा, शेवटी रेशमी कापड ओढल्यासारखा. कोन बिघडला तर डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून एवढा वेळ एका गोष्टीत गुंतणारा माणूस पाहिला की या नादाला पैशांची उधळपट्टी म्हणवत नाही.

पेडल मारत चाक फिरवणाऱ्या धारवाल्याचं काम यामुळे कमी लेखायचं नाही. कात्रीला आणि कोयत्याला तोच हवा. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ कड तापते. तापलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या सुमाराला निळा. नाकिरीच्या धारेवर निळा रंग दिसला म्हणजे लोहारानं पाजलेलं पाणी तेवढ्या भागातून गेलं, आणि ते घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकणार नाही. कडक सुरी चाकाला न देण्याचं कारण हेच.

या छंदातलं सगळंच मला पटतं असं नाही. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या 'दमास्कस' सुऱ्या भेटीदाखल फार खपतात. बहुतेकींत ती नक्षी बाजूच्या थरांची असते, धारेच्या पोलादाशी तिचा संबंध नसतो. आणि दमास्कस हे नाव ज्या पोलादाच्या कीर्तीवर चालतं ते तर दक्षिण भारतातल्या मुशींमध्ये वितळवलेलं उक्कू, युरोपीयांचं वूट्झ. मायकेल फॅरेडेनं 1819 साली त्याचं पृथक्करण केलं आणि जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या करणाऱ्या कारागिराबरोबर त्यावर प्रयोग केले. फॅरेडेचे वडील लोहार होते, हे यात विसरू नये. तसंच डझनभर सुऱ्या घेऊन भिंतीवरच्या चुंबकाला लावणं आणि त्यांपैकी एकीनंही कधी कांदा न चिरणं, यालाही रसिकता म्हणायला जीव धजत नाही. पट्टे वाचायचे तर तिसरा पट्टा झिजायला हवा.

माझी इच्छा निराळीच आहे. जे पोलाद या पातळीचं काम देऊ शकतं ते आणायला जपानला जावं लागत नाही. बेअरिंगमध्ये वापरतात ते ई.एन. 31, एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम, भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये गेज आणि डायसाठी रोज वापरात असतं आणि नीट कडक केलं तर साठीच्या वर जातं. हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या इथे आहेत, सर्फेस ग्राइंडर आहेत, कडकपणा मोजणारी यंत्रं आहेत. ट्रकच्या जुन्या पाट्यातून कोयते-विळे घडवणाऱ्या घिसाडी समाजाच्या हातात बाकाची समज पिढ्यान्‌पिढ्या आहे. टूलरूमवाले आणि घिसाडी, या दोघांनी मिळून एक विळी करावी. पातं ई.एन. 31 चं, एच.आर.सी. साठ, पाठ चार मिलिमीटर आणि धारेकडे पातळ होत गेलेली, बाक जुन्या विळीचा, पाट सागाचा. आजकाल खाली बसवत नाही त्यांच्यासाठी पाट ओट्याच्या कडेला अडकवता येईल असा खाचेचा. खवणी मात्र वेगळी, पितळी बोल्टनं काढता-घालता येणारी, म्हणजे नारळाचा धक्का धारेला बसणार नाही. पात्याचा वरचा भाग भट्टीतून निघाला तसा काळा ठेवावा आणि सोबत एक हजार नंबरचा दगड द्यावा. किंमत नाकिरीएवढी सांगितली तरी मी पहिली विळी घेईन, आणि काकूंना दुसरी.